घराची ऊर्जातपासणी

घराची ऊर्जातपासणी : राहत्या घराला ऊब, गारवा, गरम पाणी व दिवाबत्ती यांसाठी किती ऊर्जा लागते आणि तीतली किती वाया जाते, हे प्रशिक्षित तपासनिसाकडून ठरवून घेण्याची पद्धत. १९७३ च्या तेलसंकटानंतर ती पाश्चात्त्य देशांत रुजली. डेन्मार्कमध्ये १९९७ पासून घरविक्रीच्या वेळी ऊर्जापत्रक सक्तीचे झाले. यूरोपीय संघाने २००२ च्या निर्देशाने तेच तत्त्व सदस्यदेशांना लागू केले. इंग्लंड व वेल्समध्ये २००७ पासून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर ‘ए’ ते ‘जी’ अशी श्रेणी असते. त्याची मुदत दहा वर्षे.

तपासणीचे सर्वांत काटेकोर अंग म्हणजे ब्लोअर डोअर चाचणी. बाहेरच्या दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून पंखा बसवतात व घराच्या आतबाहेर ५० पास्कल दाबफरक राखतात. हा दाब जेमतेम ५ मिमी. उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा. पण तेवढ्यानेही स्विचबोर्डाच्या फटीजवळ धरलेली धुराची रेघ वाकते. ताशी घरातली हवा किती वेळा बदलते, यावरून गळती मोजतात. ‘पॅसिव्ह हाऊस’ या अत्यल्प ऊर्जेवर चालणाऱ्या घरांच्या मानकात ही मर्यादा ०·६ आहे. चाचणीत आलेल्या आकड्याला २० ने भागून नेहमीची गळती काढण्याचा प्रघात सोयीचा असला, तरी वारा, हवामान व घराची उंची यांप्रमाणे तो बराच चुकतो.

चाचणीच्या उगमाबद्दल एकमत नाही. स्वीडनमध्ये १९७७ च्या सुमारास खिडकीत पंखा बसवून असे मापन होत असे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे पंखा दारात आणला. कॅनडातील सस्कॅचवान येथे अभियंते हॅरल्ड ऑर यांचे प्रयोगही त्याच काळातले. एकाने दुसऱ्याचे उचलले असे मानण्यापेक्षा, तीच गरज पडल्याने थंड प्रदेशांत हे समांतर घडले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. प्रिन्स्टनच्या कामाचे खरे मोल निराळेच : दारेखिडक्यांपेक्षा माळ्याकडे जाणाऱ्या छुप्या वाटांतून जास्त उष्णता निसटते, हे त्यातून उघड झाले.

साध्या प्रमाणपत्रासाठी बहुधा पंखा लावत नाहीत. तपासनीस मोजमापे घेतो, भिंती, माळा व बॉयलर पाहतो. भिंत फोडत नाही. भिंतीत उष्णतारोधक भरल्याची पावती दाखवता आली नाही, तर तो बांधकामाच्या काळावरून गृहीत आकडा धरतो आणि श्रेणी घसरू शकते. म्हणून कागदपत्रे आधीच काढून ठेवावीत व माळ्याची वाट मोकळी असावी. पंख्याची चाचणी ठरली असेल, तर शेगडीतली राख आदल्या दिवशीच काढावी. नाहीतर ती खोलीभर उडते.