टोमॅटो आधी की राजमा? व्हीगन जेवणामागचं रसायन

व्हीगन जेवणाबद्दलची नेहमीची तक्रार अशी: पोट भरलं, पण जेवल्यासारखं वाटलं नाही. दोन तासांत पुन्हा डब्यांची उघडझाप सुरू. दोष बहुतेकदा भाजीपाल्याचा नसतो. मांस, अंडी, लोणी, दूध बाजूला काढलं, पण चव, दाटपणा आणि पोटाला आधार ही त्यांची कामं कुणाकडेच सोपवली नाहीत, असं झालेलं असतं. कडधान्य, कांदा, टोमॅटो आणि थोडं तेल ती जवळजवळ सगळी कामं करू शकतात. फक्त कोणी भांड्यात कधी उतरायचं, हे ठरलेलं हवं.

कडधान्यापासून सुरुवात करू. राजम्याचा दाणा मऊ होतो म्हणजे काय होतं? दाण्यातल्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात. जॅम घट्ट होतो तो याच पेक्टिनमुळे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन पेक्टिनच्या साखळ्या जखडून ठेवतात. शिजताना हे पेक्टिन हळूहळू विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि दाणा दोन बोटांत चिमटला की लोण्यासारखा पसरतो. चिमटल्यावर मधे खडा लागला, तर आतलं पेक्टिन अजून तग धरून आहे असं समजावं.

एवढं कळलं की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळे दाणे शिजायला वेळ घेतात. मीठ आधी घातलं की कडधान्य शिजत नाही, हा समज मात्र सोडून द्यायला हरकत नाही. लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर मीठ घालून दाणे रात्रभर भिजवले, तर मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल उलट लवकर मऊ पडते. आम्लाचं काम याच्या विरुद्ध. आम्लात पेक्टिन सहजासहजी विरघळत नाही. म्हणून टोमॅटो किंवा लिंबू आधीच घातलं, तर दाणे तासन् तास उकळूनही टणक राहू शकतात. दाणा बोटांत पूर्ण चेपला जाईपर्यंत आंबट काही घालू नये. खाण्याचा सोडा पेक्टिन झटपट मोडतो, पण त्याने थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होतं आणि जास्त पडला तर चव साबणासारखी लागते. चिमूटभर ठीक, त्याहून जास्त नको. उष्ण, दमट जागी महिनोन् महिने पडून राहिलेलं कडधान्य मात्र काहीही केलं तरी नीट शिजत नाही. तिथे आपल्या हाताला दोष देऊ नये.

राजम्याबाबत एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. राजमा निदान ५ तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावं आणि ताज्या पाण्यात सुरुवातीलाच किमान १० मिनिटं खळखळून उकळावा. अर्धा तास उकळला तर आणखी उत्तम. मंद आचेवर चालणाऱ्या स्लो कुकरवर भिस्त ठेवणं धोक्याचं आहे. ८० अंश सेल्सियसच्या आसपास हे विष नष्ट होत नाही, उलट अर्धवट शिजलेला राजमा कच्च्याहून जास्त विषारी ठरू शकतो. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या घरात जातं, त्यामुळे ही चिंता राहत नाही.

आता चव. पाणी उघड्या भांड्यात १०० अंशांच्या वर तापत नाही, आणि अन्नाला तपकिरी रंग व भाजल्याचा खमंग वास देणारी मायार अभिक्रिया जोर धरते ती १४० अंशांच्या आसपास. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं: अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) आणि शर्करा तापल्यावर एकमेकांशी जुळतात आणि त्यातून शेकडो नवे गंध तयार होतात. मांस भाजताना जे घडतं, तेच कांदा परतताना घडतं. पण कांद्यात जवळपास ९० टक्के पाणी असतं आणि ते उडाल्याशिवाय पुढचं काही होत नाही. कांदा तेलात पडल्यावर येणारा चुरचुर आवाज त्या पाण्याचा. आवाज मंदावतो, फोडी आक्रसतात, कडा सोनेरी होतात आणि भांड्याच्या तळाला तपकिरी थर धरू लागतो. तो जळण्याआधी दोन चमचे पाणी शिंपडून उलथन्याने खरवडून घ्यावा. घरच्या स्वयंपाकात याहून स्वस्त मसाला माझ्या माहितीत नाही, आणि नेमका तोच भांडी घासताना वाहून जातो.

मशरूमचंही तेच. भांडं खच्चून भरलं तर ते स्वतःच्याच पाण्यात उकडतात, म्हणून थोडे थोडे परतावेत. त्यांच्या पेशीभित्तिका कायटिन या चिवट पदार्थाच्या असतात आणि कायटिन उष्णतेला दाद देत नाही. त्यामुळे मशरूम कितीही वेळ शिजवले तरी त्यांचा लगदा होत नाही, दाताखाली काहीतरी लागत राहतं.

रश्श्याची ती तोंडात रेंगाळणारी चव ग्लुटामेट या अमिनो आम्लाची. टोकियोत रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ते कोंबू या समुद्री शेवाळातून वेगळं केलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. म्हणजे ही चव मुळात वनस्पतीसृष्टीतच सापडली. पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असतं, आणि गरापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत भागात जास्त. टोमॅटोच्या बिया काढून टाकणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा. सोया सॉसमध्ये आंबवण्याच्या प्रक्रियेत सोयाबीनची प्रथिनं तुटून ग्लुटामेट मोकळं होतं. सुकवलेल्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट हे उमामी खुलवणारं संयुग असतं. ते आणि ग्लुटामेट एकत्र आले की चवीची नुसती बेरीज होत नाही, ती कितीतरी पटींनी वाढते. म्हणून टोमॅटोच्या रश्श्यात दोन सुके मशरूम टाकल्यावर फरक लगेच कळतो. तेलातही हात फार आखडता घेऊ नये. कितीतरी सुगंधी रेणू पाण्यात नाही तर तेलातच विरघळतात, आणि टोमॅटोतलं लायकोपिन हे लाल रंगद्रव्य अंगी लागायलाही थोडा स्निग्धांश लागतो.

दाटपणासाठी साय किंवा लोणी लागतंच असं नाही. शिजलेल्या कडधान्यातले पळीभर दाणे घोटून परत भांड्यात घातले की त्यांतला स्टार्च रस्सा धरून ठेवतो. रस्सा जरा पातळ असतानाच आच बंद करावी, कारण निवताना तो आणखी आळतो. शिजेपर्यंत दम निघतो, निवेपर्यंत निघत नाही म्हणतात, पण इथे पाच-दहा मिनिटं थांबण्यात फायदा आहे.

मात्र सगळंच घोटून टाकू नये. अख्ख्या दाण्यात स्टार्च पेशींच्या भिंतीआड बंद असतो, त्यामुळे तो सावकाश पचतो आणि साखर रक्तात हळूहळू उतरते. आहार-संशोधक डेव्हिड जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवलं की सकाळी मसूर खाल्ले, तर दुपारच्या जेवणानंतरही रक्तातली साखर कमी उसळते. शिजलेल्या १०० ग्रॅम मसुरात सुमारे ९ ग्रॅम प्रथिनं आणि ८ ग्रॅम तंतू असतात. दोन तासांत पुन्हा भूक लागू न देण्याचं काम हेच दोघे करतात. अमिनो आम्लांपैकी कडधान्यात मेथिओनिन कमी, धान्यात लायसिन कमी. दोन्ही खाल्ली की उणीव भरून निघते, आणि ती एकाच ताटात असायला हवीत असंही नाही, दिवसभरात पोटात गेली म्हणजे झालं. पोटात वायू धरतो तो रॅफिनोज कुळातल्या शर्करांमुळे. त्या पचवणारं विकर आपल्याकडे नाही, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडे आहे. भिजवणीचं पाणी ओतून दिलं की त्रास काहीसा कमी होतो.

शेवटी लिंबू पिळायचं ते नुसत्या चवीसाठी नाही. वनस्पतींतलं लोह शरीर कष्टाने शोषून घेतं आणि क जीवनसत्त्व त्याला मदत करतं, तर जेवणाबरोबरचा चहा-कॉफी त्यात खोडा घालतो. बी-१२ ची गोष्ट वेगळी आहे. हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात, वनस्पतींत ते भरवशाच्या प्रमाणात मिळत नाही आणि कुठलीही पाककृती ते निर्माण करू शकत नाही. प्रौढांना रोज साधारण २.४ मायक्रोग्रॅम लागतं. पूर्ण व्हीगन आहार घेणाऱ्यांनी त्यासाठी बी-१२ मिसळलेलं अन्न किंवा गोळी घ्यायलाच हवी.