माशाचा डोळा: वाढ वेगळी, दुरुस्ती वेगळी

नागपूरच्या बर्डी बाजारातून पिशवीत आणलेला बोटाएवढा गोल्डफिश चांगल्या टाकीत भराभर वाढतो. अंगाबरोबर डोळाही मोठा होतो आणि आतल्या पडद्यात, म्हणजे रेटिनात, नव्या चेतापेशींची भर पडत राहते. दुसरीकडे, पडद्याला इजा झाली तर मासा तो दुरुस्तही करतो. ही दोन्ही कामं लोक एकच समजतात आणि मग विचारतात, "माशाला जमतं, तर आपल्याला का नाही?" नागपुरात त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे मासे खा. खावेत, पण त्याने पडद्यात नवी पेशी उगवत नाही.

आधी वाढ. पडदा जिथे संपतो त्या कडेला मूलपेशींचं एक बारीक कडं असतं. तिथे आयुष्यभर नव्या पेशी तयार होतात आणि सागाच्या बुंध्यावर वर्तुळं चढावीत तशा बाहेरून जोडल्या जातात. त्यामुळे थोराड माशाच्या पडद्याच्या मधोमध तो पिल्लू असतानाचा भाग तसाच असतो. गंमत पुढेच आहे. मेंदूतलं दृष्टीचं केंद्र असं वर्तुळांत वाढत नाही, एका बाजूने चंद्रकोरीच्या आकारात वाढतं. दोन्हींचा नकाशा जुळता राहावा म्हणून डोळ्याकडून आलेले तंतू आपल्या जोडण्या सतत सरकवत राहतात, आणि मासा तोवर बघतच असतो!

दुरुस्ती मात्र कडेच्या या मूलपेशींवर अवलंबून नसते. तिचं काम म्युलर पेशी करतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ हाइनरिश म्युलर यांनी 1851 मध्ये त्यांचं वर्णन केलं. या चेतापेशी नव्हेत. पडद्याच्या पूर्ण जाडीत उभ्या राहून त्या इतरांना आधार देतात. इजा झाली की झेब्राफिश या छोट्या पट्टेरी माशात त्या पुन्हा विभागू लागतात. एक पेशी म्युलरच राहते, दुसरीची पिलावळ वाढून मेलेल्या चेतापेशींची जागा घेते. काही आठवड्यांत पडदा बऱ्यापैकी भरून येतो.

घोळ होतो तो रॉड पेशींमुळे, म्हणजे अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशींमुळे. वाढत्या डोळ्यात पडदा ताणला जातो. रॉड विरळ झाले तर अंधुक उजेडात दिसणं कमी होईल. म्हणून नवे रॉड कडेलाच नाही, पडद्याभर मधेमधे घातले जातात. जॉन्स आणि फर्नाल्ड या संशोधकांनी हे 1981 मध्ये दाखवलं. हे रॉडही म्युलर पेशींच्याच वंशातले, पण काम वाढीचं, इजेशिवाय चालणारं.

गोल्डफिशची दृष्टिनस, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस, कापली तरी ती पुन्हा जुळते, हे मात्र या दोन्हींत बसत नाही. तिथे पेशी जुनीच असते, तिचा तंतू नवा फुटतो.

माणसाकडे म्युलर पेशी आहेत, पण इजेनंतर त्या चेतापेशी न बनवता व्रण धरतात. 2017 मध्ये सिएटलच्या संशोधकांनी प्रौढ उंदराच्या म्युलर पेशींपासून चेतापेशी मिळवल्या. त्यासाठी एक जनुक आधीच घालावं लागलं आणि वर औषधही द्यावं लागलं. झेब्राफिश तेच जनुक, एस्कल-वन, इजा झाल्यावर आपलं आपण चालू करतो.