शिना आणि बुरुशास्की: शेजार एक, कूळ वेगळे

नियंत्रण रेषेपलीकडील गिलगितच्या परिसरात शिना आणि बुरुशास्की या दोन्ही भाषा कानावर पडतात आणि नकाशावर त्या एकमेकींना खेटून असतात. त्यामुळे एकीला दुसरीची बोली समजण्याची चूक नेहमी होते. ही चूक मोठी आहे, कारण कुळाच्या दृष्टीने शिना ही शेजारच्या बुरुशास्कीला नव्हे, तर दूरवरच्या आपल्या मराठीला जवळची आहे.

शिना ही दार्दी गटातील, म्हणजे काश्मिरीसारख्या वायव्येकडील डोंगराळ भागातल्या भाषांच्या गटातील, भारतीय आर्यभाषा असून गिलगित, अस्तोर, चिलास आणि कोहिस्तान हा तिचा मुख्य प्रदेश आहे. नियंत्रण रेषेच्या अलीकडे काश्मीरमधील गुरेझ आणि लडाखमधील द्रास येथेही ती घरोघरी बोलली जाते. बुरुशास्की मात्र हुंझा, नगर आणि यासीन या खोऱ्यांची भाषा आहे आणि जगातील कोणत्याही भाषेशी तिचे नाते आजवर सर्वमान्य रीतीने सिद्ध झालेले नाही.

कुळाचा पुरावा अंक मोजताना लगेच सापडतो. शिनामध्ये एक, दू, चे, चार, पोश, षा, सत्, अष्, नौ, दै अशी मोजणी चालते आणि मराठी माणसाला ती ओळखीची वाटते. बुरुशास्कीत हीच मोजणी हिक, अल्तो, इस्की, वाल्ती, छिंदी अशी सुरू होते आणि ओळखीचा धागा सापडत नाही.

शिनाच्या पाच, सहा आणि सात या अंकांकडे मला विशेष लक्ष वेधावेसे वाटते. पोशमधील श तालव्य, षामधील ष मूर्धन्य आणि सत्‌मधील स दंत्य असून हे तिन्ही उच्चार शिना बोलणारे वेगवेगळे करतात. आपण पोटफोड्या ष लिहितो खरा, पण उच्चारताना तो बहुधा श होतो. संस्कृतातील तो भेद गिलगितच्या तोंडी आजही जिवंत आहे, याचे मला मनापासून अप्रूप वाटते. मात्र नेमका हाच त्रिविध भेद बुरुशास्कीतही आहे. शिवाय दोन्ही भाषा विसाच्या पटीत मोजतात; विसाला शिनामध्ये ‘बी’ म्हणतात आणि बुरुशास्कीत ‘अल्तर’. शतकानुशतकांच्या सहवासात उच्चार, शब्द आणि मोजण्याच्या रीती एकमेकींकडे गेल्या आहेत, आणि कानाला जे साम्य जाणवते त्यातले बरेचसे या सहवासाचे आहे.

व्याकरणात शिरले की अंतर स्पष्ट होते. बुरुशास्कीत नामांचे चार वर्ग आहेत: पुरुष, स्त्रिया, प्राणी व मोजता येणाऱ्या वस्तू आणि उरलेले सर्व. दोन माणसांसाठी अल्तान हा अंक वापरावा लागतो, तर प्राण्यांसाठी त्याचे वेगळे रूप येते. बाल्त म्हणजे सफरचंद. फळ म्हटले तर तो शब्द तिसऱ्या वर्गात पडतो आणि झाड म्हटले तर चौथ्या. ‘हात’ हा शब्द तर या भाषेत सुटा उच्चारताच येत नाही, कारण माझा, तुझा, त्याचा, तिचा हे शब्दाच्या आरंभीच सांगावे लागते: अरिङ, गुरिङ, इरिङ, मुरिङ. शिनामध्ये नामांना आपल्या ओळखीचे पुल्लिंग आणि स्त्रीलिंग पुरते.

ब्रिटिश काळातील भाषाभ्यासक जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतातील भाषांच्या आपल्या सर्वेक्षणात दार्दी भाषांना भारतीय आणि इराणी यांच्यामध्ये स्वतंत्र शाखा मानले होते. पुढे नॉर्वेजियन भाषाशास्त्रज्ञ मॉर्गेनस्टीर्न यांनी त्या भारतीय आर्यच आहेत असे प्रतिपादन केले आणि आज हेच मत बहुतेक अभ्यासक मान्य करतात.

भाषेवरून माणसांचा वंश ठरवणे येथे विशेष धोक्याचे आहे. हुंझाच्याच खालच्या भागाला शिनाकी म्हणतात, कारण तेथील लोक शिना बोलतात. श्रीनगरमध्ये बुरुशास्की बोलणारा एक छोटा समाजही आहे. त्याचे पूर्वज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नगरहून तेथे आले.