टायमिंग बेल्ट घरी बदलला आणि चेक इंजिनचा दिवा जात नाही? सेन्सर विकत घेण्याआधी हे वाचा

टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा. बेल्ट बदलला, कव्हर लागले, गाडी चालूही झाली. पण मीटरमधला इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा काही विझत नाही. अशी गाडी आमच्या गॅरेजमध्ये येते तेव्हा बऱ्याचदा मागच्या सीटवर नव्या कॅम सेन्सरचे खोके असते. दिवा लागला, स्कॅनरने (बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) कॅम सेन्सरचा कोड दाखवला, म्हणून तो बदलला, आणि दिवा तसाच. बहुतेक वेळा जुना सेन्सर चांगलाच असतो आणि जे दिसते आहे तेच सांगत असतो. म्हणून आमचे पहिले सांगणे: पैसे खर्च करण्याआधी, बेल्ट बदलताना ज्या ज्या वस्तूला हात लागला ती प्रत्येक वस्तू पुन्हा बघा.

इग्निशन ऑन केल्यावर हा दिवा लागतो आणि इंजिन चालू झाले की जातो, ते नेहमीचेच आहे. चालू इंजिनवर तो स्थिर राहिला, तर ईसीएमने (इंजिनचा संगणक) काहीतरी नोंदवले आहे आणि ते लवकर तपासायला हवे. तो उघडझाप करत असेल आणि गाडी मिसिंग मारत असेल (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नसेल), तर तिथेच बंद करा. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि खराब होतो. त्याची किंमत बेल्टच्या कितीतरी पट आहे.

जुन्या डिझेल इनोव्हाच्या मालकांसाठी एक वेगळी गोष्ट. त्या गाडीच्या मीटरमध्ये ‘टी-बेल्ट’ असा स्वतंत्र दिवा आहे. ठरावीक किलोमीटर झाले की तो लागतो आणि नवा बेल्ट टाकल्यावर तो रिसेट करावा लागतो. तो लागला म्हणजे काम चुकले असे नाही.

आधी कोड वाचा, पुसू नका

बॅटरीचे टर्मिनल काढून दिवा घालवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. दिवा जातो खरा, पण त्याबरोबर कोड कोणत्या आरपीएमला, किती तापमानाला पडला ही नोंदही जाते. आम्हाला निदानासाठी तीच सर्वांत उपयोगाची असते. शिवाय काही दोष गाडी सलग दोनदा चालवल्यावर दोन्ही वेळा दिसले तरच दिवा लागतो. त्यामुळे दिवा एक-दोन दिवस गप्प बसतो आणि मालकाला वाटते की प्रश्न सुटला.

२०१३ नंतरच्या बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत डॅशबोर्डखाली १६ पिनांचे ओबीडी सॉकेट (स्कॅनर जोडायची जागा) असते. साधा ब्लूटूथ स्कॅनरही तिथे कोड दाखवतो. कोड लिहून घ्या किंवा फोटो काढा. बेल्टच्या कामानंतर आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पी ००१६ ची. क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही, असा त्याचा अर्थ. पी ०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा आणि पी ०३४० कॅम सेन्सरच्या सर्किटचा. या दोन कोडांत आधी वायर आणि कनेक्टर बघायचे, सेन्सर नंतर. पी ०३०० किंवा पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे मिसफायर. पी ०१०२, पी ०११३, पी ०१७१ या हवेशी संबंधित कोडांपैकी काही आले, तर जरा हायसे वाटू द्या. एअर फिल्टरचा डबा काढताना एखादा कनेक्टर किंवा व्हॅक्यूमची नळी परत लावायची राहून गेली असण्याची शक्यता मोठी आहे. पी ०३१५ आला, तर त्या गाडीला स्कॅनरवरून क्रँकचे लर्निंग (क्रँकच्या फिरण्याची नोंद ईसीएमला शिकवणे) करून द्यावे लागते, पाना लावायची गरज नसते.

कनेक्टर हातात घेऊन बघा

नुसते वरून बघून ‘लागलेला आहे’ म्हणू नका. प्रत्येक कनेक्टर काढा, उजेडात धरा. आत पिन वाकून बाजूला गेली आहे का, हिरवट थर आहे का, तेल शिरले आहे का, ते बघा. जुन्या गाडीत प्लास्टिकचे लॉक उष्णतेने कडक होते आणि काढताना तुटते. मग कनेक्टर बसलेला दिसतो, पण इंजिन हलले की सैल होतो. परत लावताना ‘टक’ आवाज यायलाच हवा.

मग वायर कुठून जाते ते बोटाने शेवटपर्यंत तपासा. टायमिंग कव्हरच्या कडेखाली दाबली गेलेली वायर आम्ही अनेकदा पाहिली आहे. बोल्ट आवळताना ती चेपते आणि आतली तार तुटते, पण वरचे आवरण शाबूत दिसते. काही इंजिनांत क्रँकच्या पुलीमागे सेन्सरसाठी एक दातेरी किंवा खाचेची पत्र्याची चकती असते. ती उलटी बसली किंवा वाकली, तर सेन्सरला घासते. अशा वेळी सेन्सर खरोखरच जातो, आणि चकती सरळ केल्याशिवाय बसवलेला नवाही जातो.

दात सरकला आहे का?

सगळ्यात महत्त्वाचे हेच. क्रँकच्या पुलीला २० दात असतील, तर बेल्ट पुलीवर एक दात पुढे-मागे बसणे म्हणजे क्रँकचे १८ अंश. गाडी चालू होते, आयडलिंगही बरे वाटते, पण पिकअप मरतो, चढावर दम लागतो आणि दिवा लागतो.

हे होते कसे? पुली आणि इंजिन यांच्यावरच्या टायमिंगच्या खुणा जुळवताना चूक झालेलीच असते असे नाही. बेल्टचा ढील सगळा टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणारी चाकी) बाजूलाच असायला हवा. क्रँककडून कॅमकडे जाणारी दुसरी बाजू तारेसारखी ताठ हवी. त्या ताठ बाजूला अर्ध्या दाताचाही ढील राहिला, तर टेन्शनर सोडताक्षणी तो ढील ओढला जातो आणि कॅम जागचा हलतो. खुणा जुळवताना सगळे बरोबर होते, हे मालकाचे म्हणणे खरेच असते. फरक नंतर पडलेला असतो.

म्हणून टेन्शनर सोडल्यावर, कव्हर लावण्याआधी, स्पार्क प्लग काढून क्रँक पाना लावून हाताने त्याच्या नेहमीच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवा. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. मग खुणा पुन्हा बघा. सेल्फ मारून हे कधीही करू नका. फिरवताना मध्येच कडक लागले, तर जोर लावू नका, थांबा: व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असू शकतो. कॅमच्या पुलीवर कधी कधी एकापेक्षा जास्त खुणा असतात. कोणती खूण कोणत्या इंजिनाची, हे मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवा, अंदाजाने नको.

डस्टर आणि इकोस्पोर्टच्या १.५ डिझेलसारख्या इंजिनांत नुसत्या डोळ्याने खुणा जुळवून भागत नाही. क्रँक आणि कॅम पिन घालून लॉक करावे लागतात. तो किट नसेल, तर हे काम घरी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक जागा विसरली जाते. क्रँक पुलीचा मधला बोल्ट सांगितलेल्या टॉर्कने आवळला नसेल, तर पुलीची चावी (पुलीला दांड्यावर जागेवर धरणारा छोटा तुकडा) हळूहळू खाल्ली जाते आणि चांगले जुळलेले टायमिंग काही दिवसांनी बिघडते. दिवा उशिरा लागला असेल, तर आम्ही हा बोल्ट आधी बघतो.

टायमिंग दुरुस्त करूनही मिसिंग राहिली, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासावेच लागते. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला, तर व्हॉल्व्ह वाकल्याची शंका घ्यावी लागते. आम्ही त्या सिलिंडरमध्ये हवा भरून बघतो. इनटेककडून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट. ही खात्री झाल्याशिवाय हेड (सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवायचे नाही, हा आमच्या गॅरेजचा नियम आहे.

आमच्याकडे आणताना

जुना बेल्ट टाकून देऊ नका, सोबत आणा. त्याचे दात मोजले की नवा बेल्ट बरोबर मापाचा आहे का ते कळते. नव्या बेल्टचे खोके, जुना टेन्शनर, उरलेले बोल्ट आणि मोबाइलमधले कामाचे फोटोही आणा. काय काय उघडले होते, ते न संकोचता सांगा. तेवढ्याने आमचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतात. आम्ही आधी कोड वाचतो, मग वरचे कव्हर काढून खुणा तुम्हाला दाखवतो आणि खर्च सांगून, तुमचा होकार घेऊनच पुढचे काम धरतो.

दात सरकल्याची शंका असेल, तर गाडी चालवत आणू नका. धक्का मारून चालू करून बघू नका. टोइंग करून आणताना गिअर न्यूट्रलला आहे याची खात्री करा, कारण गिअरमध्ये ओढलेल्या गाडीची चाके इंजिनही फिरवतात.