ले, बेंजामिन

ले, बेंजामिन : (१६८२–१७५९). गुलामगिरीच्या आद्य विरोधकांपैकी एक. जन्म इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात कॉपफर्ड येथे, क्वेकर (युद्ध व शस्त्रे वर्ज्य मानणारा एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबात. मेंढपाळी, हातमोजे शिवणे, खलाशी अशी कामे त्याने केली. त्याची उंची जेमतेम चार फूट असून पाठीला कुबड होते. पत्नी सॅरा हीदेखील ठेंगणी आणि क्वेकर धर्मोपदेशक होती.

१७१८ च्या सुमारास हे दांपत्य वेस्ट इंडीजमधील बार्बेडोस बेटावर गेले. तेथे त्यांच्या छोट्या दुकानात येणारे भुकेले गुलाम अन्न चोरीत, तेव्हा ले याने स्वतः त्यांना फटके मारले होते; त्याची टोचणी त्याला पुढे आयुष्यभर राहिली. उसाच्या मळ्यांवरील हाल असह्य होऊन दोघांनी बेट सोडले. १७३० नंतरच्या काळात ते दोघे अमेरिकेतील फिलाडेल्फियाला आले, तर तेथील प्रतिष्ठित क्वेकरच गुलाम बाळगून असल्याचे दिसले.

तेव्हापासून त्याचा रोख परक्यांपेक्षा स्वपंथीयांवरच राहिला. १७३७ मध्ये गुलाम बाळगणाऱ्यांना धर्मभ्रष्ट ठरविणारे त्याचे पुस्तक बेंजामिन फ्रँक्लिनने छापले. मात्र मुखपृष्ठावर आपले नाव येऊ दिले नाही, हे त्या काळच्या वातावरणाविषयी पुरेसे बोलके आहे. १७३८ मध्ये न्यू जर्सीतील बर्लिंग्टन येथे भरलेल्या क्वेकरांच्या वार्षिक सभेत ले अंगरख्याखाली सैनिकी पोशाख व तलवार दडवून आला. शस्त्र वर्ज्य मानणाऱ्या त्या सभेत त्याने तलवार उपसली आणि हातातील पोकळ केलेल्या पुस्तकात खुपसली. आत लपविलेली, रानफळांच्या लाल रसाने भरलेली पिशवी फुटून शेजाऱ्यांच्या अंगावर रक्तासारखे शिंतोडे उडाले. लोकांनी त्याला उचलून बाहेर काढले. पंथाने त्याच वर्षी त्याचे सदस्यत्व नाकारले, तरी सभांना जाणे त्याने सोडले नाही.

फिलाडेल्फियाजवळील ॲबिंग्टन येथे तो गुहेवजा घरात राही. मांसाहार त्याने सोडला होता, अंगावरचे कापड तो स्वतःच सूत कातून तयार करी आणि गुलामांच्या श्रमातून आलेली साखर त्याला वर्ज्य होती. बहिष्काराचे हे हत्यार साखरेविरुद्धच्या ब्रिटनमधील संघटित चळवळीच्या सुमारे अर्धशतक आधी त्याने एकट्याने वापरले.

१७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सदस्यांवर कारवाई करण्याचे ठरविले. त्यात जॉन वुलमन आणि अँथनी बेनेझेट या गुलामगिरीविरोधी क्वेकरांच्या संयत मनधरणीचा वाटा मोठा होता. परंतु विषय टाळणे अशक्य करून ठेवले होते ते ले याने. ही वार्ता कळल्यावर आता आपण सुखाने मरू शकतो, असे तो म्हणाल्याचे सांगतात. पुढच्याच वर्षी ॲबिंग्टन येथे त्याचे निधन झाले. सदस्यांनी गुलाम बाळगण्यावरच पूर्ण बंदी मात्र १७७६ मध्ये आली.