असेंबल केलेला कॉम्प्युटर मधेच बंद पडतो? दुकानात आणण्याआधी एवढं पाहा

स्क्रू-ड्रायव्हर नंतर. आधी दोन दिवस वहीत लिहा: किती वाजता बंद पडला, तेव्हा काय चालू होतं, पुन्हा कसा सुरू झाला. शेवटचं उत्तर सगळ्यात कामाचं.

लगेच चालू केला तर पाच मिनिटांत पुन्हा जातो, पण अर्ध्या तासाने बरा चालतो, तर प्रोसेसर तापतोय. बटण दाबून काहीच होत नाही, पण मागचा स्विच बंद करून मिनिटभराने लावला की उठतो, तर एसएमपीएसने (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडलाय. गेम सुरू करताच जात असेल, तर ग्राफिक्स कार्डाच्या मानाने एसएमपीएस कमी पडत असण्याची शक्यता जास्त. घरातला कुलर किंवा शेजारची चक्की सुरू होताना जातो, तर यूपीएस बघा.

विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या ‘कर्नल-पॉवर ४१’ या ओळीवरून एसएमपीएस बदलू नका. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच ती सांगते. का पडलं, ते नाही.

तापणं

मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतं, तेव्हा हिवाळ्यात खपून गेलेला कचरा खपत नाही. घरात कापूस भरून ठेवला असेल तर हीटसिंकमध्ये (प्रोसेसरवरचा, पंख्याखालचा पात्यांचा धातूचा ठोकळा) रुई हमखास बसते. वरून पंखा स्वच्छ दिसतो; टॉर्च मारून पात्यांच्या फटीतून आत पाहिलं की खाली गोधडीसारखा थर दिसतो. मशीनचा प्लग काढा, थर ब्रशने सुटा करा, मग ब्लोअर मारा. पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेने गरगरून त्याचं बेअरिंग जातं.

इंटेलच्या प्रोसेसरसोबत येणाऱ्या कंपनीच्या पंखा-हीटसिंकला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. एक जरी सुटली तरी हीटसिंक तिरका होतो. समोरासमोरच्या खुंट्या जोडीने दाबा, ‘टक्’ आवाज आला पाहिजे. हीटसिंक काढलाच तर प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट (उष्णता हीटसिंकला पोचवणारा लेप) पुसून नवी लावा, वाटाण्यापेक्षा थोडी कमी. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावर हीटसिंक सरळ ओढू नका, प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, प्लग काढा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हळू फिरवत सोडवा.

आणि कॉम्प्युटर खोलीतल्या पाण्याच्या कुलरसमोर ठेवू नका. माणसाला बरं वाटतं म्हणून मशीनला वाटत नाही. ओल्या हवेत धूळ चिकटून बसते, ब्लोअरनेही निघत नाही. टेबल बाजूच्या भिंतीला घ्या, कॅबिनेटच्या मागे वीतभर जागा सोडा.

लाइन, अर्थिंग, यूपीएस

यूपीएस तपासायला कॉम्प्युटर वापरू नका. त्यावर १०० वॉटचा साधा बल्ब लावा आणि यूपीएसचा प्लग काढा. १२ व्होल्ट ७ एएचची चांगली बॅटरी तो दहा मिनिटं तरी सहज चालवते. दोन मिनिटांत विझला तर बॅटरी संपली. उन्हाळ्यातल्या तापलेल्या खोल्यांत ती दोन-तीन वर्षांतच जाते. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावू नका.

कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येतात? अर्थिंग तुटलेलं असतं तेव्हा एसएमपीएसच्या फिल्टरमधून जवळपास ११५ व्होल्ट पत्र्यावर येतात. वायरमनकडून सॉकेट मोजून घ्या: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या रॉडभोवतीची माती सुटते. त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाका.

फुकटातली तपासणी

पॉवर बटण धुळीने आत अडकलं तर चार सेकंदांत मशीन बंद होतं. मदरबोर्डवरून त्या बटणाची दोन पिनांची वायर काढा, त्याच दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून मशीन चालू करा. दिवसभर टिकलं तर बटणच दोषी. हे इतक्या वेळा निघतं की आम्ही आधी तेच पाहतो.

बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणारा मदरबोर्डचा सेटिंग्जचा पडदा) १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ च्या बाहेर दिसली तर मशीन आमच्याकडे आणा. एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो.

येताना मॉनिटर, कीबोर्ड नको. कॅबिनेट, पॉवर केबल आणि ती वही आणा.