आमचा मामा आणि त्यांचा माव

मुहूर्ताला पाच मिनिटं राहिली होती आणि आमची आजी पहिल्या रांगेत बसून एकच विचारत होती, "मुलीचा मामा कुठं हाय? अजून मामाला कोण बोलवेना कसं?" कारण आमच्यात मुलीला मांडवात मामानं आणायचं असतं, तो पाठीशी उभा राहिल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटतच नाही. मी तिच्या कानात सांगितलं, आजी, तो बघ, समोर पाटावर बसलाय. बाशिंग बांधून.

आजीनं माझ्याकडं असं बघितलं की अक्षता तिच्या मुठीतच राहिल्या.

बेळगावातल्या शहापूरला आमच्या शेजारचं घर कन्नड. तीस वर्षांचा शेजार, खव्याचा कुंदा इकडून तिकडं, होळीगी म्हणजे पुरणपोळी तिकडून इकडं, त्यांची पोरं आमच्याशी मराठी बोलतात आणि आम्ही त्यांच्या आईशी मोडकं कन्नड. एवढं सगळं असून त्यांच्या मुलीचं तिच्याच मामाशी लागलेलं हे लग्न बघितल्यावर कळलं की आपण ज्याला 'मामा' म्हणतो आणि ते ज्याला 'माव' म्हणतात ते दोन शब्द कानाला सख्खे भाऊ वाटले तरी आत वेगळाच माणूस बसलाय. त्यात बोलताना त्यांच्यातले बरेच जण 'मामा'च म्हणतात, त्यामुळं गोंधळ आणखी वाढतो.

तर मराठीतला मामा म्हणजे आईचा भाऊ. संपलं. सासरा वेगळा, आत्याचा नवरा वेगळा. कन्नडमधला माव म्हणजे आईचा भाऊ, आणि सासरा, आणि आत्याचा नवराही. अगदीच स्पष्ट करायचं असेल तर आईच्या भावाला 'सोदरमाव' म्हणतात. तसंच 'अत्ते', आमच्याकडं बोलताना 'अत्ती', म्हणजे वडिलांची बहीण, मामी आणि सासू या तिघीही. 'अळिया' म्हणजे जावई आणि भाचा, 'सोसे' म्हणजे सून आणि भाची. मराठीत यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की कन्नडमध्ये शब्द कमी पडले. तसं काही नाहीये, कारण तीच कन्नड थोरली बहीण आणि धाकटी बहीण यांना अक्का आणि तंगी असे सुटे शब्द देते, भावांना अण्णा आणि तम्मा, जिथं आपण नुसतं बहीण-भाऊ म्हणून मोकळे होतो. प्रश्न शब्दांच्या संख्येचा नाही, कुठल्या घरात लग्न होऊ शकतं याचा आहे.

मामाच्या किंवा आत्याच्या घरी लग्न करायची रीत पिढ्यान्‌पिढ्या असेल तर मामाच सासरा होणार आणि आत्याच सासू, मग दोन शब्द कशाला ठेवायचे? आणि शेजारच्यांसारखं थोरल्या बहिणीची मुलगी, ज्याला ते 'अक्कन मगळु' म्हणतात, ती करायची रीत असेल तर भाची आणि सून एकाच शब्दात बसल्या यात नवल कसलं. चुलत आणि मावस भावंडं मात्र त्यांच्यात सख्ख्यासारखीच, अण्णा-तंगी, तिथं लग्नाचा विषयच नाही. आते-मामे भावंडांना भाव, मैदुन, अत्तिगे, नादिनी असे वेगळे शब्द, आणि हेच शब्द मेव्हणे-नणंदांनाही. म्हणजे रिवाज आधी आणि शब्द त्याच्या मापानं शिवलेला, निदान इथं तरी मला असंच दिसतं.

आता आपल्याकडं या, खरी गंमत इथं आहे. मराठीत चारही भावंडांना शेवटी भाऊ-बहीणच लावतात. चुलतबहीण, मावसबहीण, आतेबहीण, मामेबहीण. शब्दांवरून वाटेल चौघी सारख्याच. पण मामेबहिणीशी लग्न बऱ्याच मराठी समाजांत पूर्वापार चालत आलंय, आत्याच्या घरी भाची सून म्हणून जाते, आणि उलटं म्हणजे आत्याची मुलगी करायला बहुतेक जण नको म्हणतात. भाची करणं तर आमच्या आजीच्या मुठीतल्या अक्षतांनी सांगितलंच. इरावती कर्व्यांनी 1953 साली भारतातल्या नात्यांच्या पद्धतींचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार भाग पाडले त्यात महाराष्ट्राला मधल्या पट्ट्यात टाकलं, आणि बेळगावात राहून ते रोज पटतं. शब्द वरचे, रीत अर्धी खालची.

पुरावा पाहिजे असेल तर कुठल्याही जुन्या घरातली सून ऐका. सासूला 'आत्याबाई', सासऱ्याला 'मामंजी'. मी माझ्या सासूला आत्या म्हणते आणि आमचं माहेर-सासर यांचा सात पिढ्यांत संबंध नाही! कधीकाळी कुणाची तरी सख्खी आत्या सासू झाली, रीत मागं पडली, हाक तेवढी राहिली. कन्नडमध्ये 'अत्ते' हा पूर्ण शब्द सासू-आत्या दोघींचा, मराठीत मात्र 'आत्याबाई' नुसती तोंडावरची हाक, पाठीमागं बोलताना 'माझी सासू'च. नव्या मुली तर आई-बाबा म्हणतात, म्हणजे ती खूणही आता पुसत चाललीये.

मग भाषा उलटं काही करते का, म्हणजे शब्द रीत बदलतो का? भाषा माणसाचा विचार घडवते म्हणणाऱ्या व्होर्फसारख्या भाषाशास्त्रज्ञांचं ते मोठं सिद्धांताचं बोलणं बाजूला ठेवा, माझा मावसभाऊ बघा. त्याच्यासाठी घरातल्यांनी मामाचीच मुलगी सुचवली होती, वडीलधाऱ्यांना त्यात काही वावगं नव्हतं. तो म्हणाला, "जिला दर भाऊबीजेला ओवाळणी घातली, जी मला दादा म्हणती, तिच्याशी लग्न करू व्हय?" विषय तिथंच बंद. रीत परवानगी देत होती, 'बहीण' हा शब्द आडवा आला. अर्थात शिक्षण, डॉक्टरांचे सल्ले, बाहेर नोकऱ्या हेही आहेच, सगळं श्रेय शब्दाला देत नाही मी. पण शेजारच्या पोराला त्या मुलीला तंगी म्हणायचीच वेळ आली नसती, हा फरक काही छोटा नाही. (1955 च्या हिंदू विवाह कायद्यात मामा-भाची आणि आते-मामे भावंडं दोन्ही निषिद्ध नात्यांत येतात, पण दोन्ही बाजूंची तशी रूढी असेल तर चालतं. म्हणजे कायद्यानंही शेवटी रीतीलाच विचारलं.)

एक गोष्ट मला फार दिवस कळत नव्हती. इकडं शब्द तर सर्रास सीमा ओलांडतात. आमच्याकडच्या कन्नडमध्ये 'काका' आहे, वहिनीची 'वैनी' आहे, आणि आपल्याकडं गल्लोगल्ली अण्णा, अक्का, आप्पा. त्यांच्याच भाषेत काकाला 'चिक्कप्पा', धाकटा बाप. शब्द बदलून काका आला म्हणून काकाची मुलगी परकी झाली का? नाही, ती तंगीच. आणि आपल्या घरात अक्का आली म्हणून कुणी भाची केली नाही. शब्द पाहुणा म्हणून येतो, जेवून खाऊन राहतो, पण घरातले सोयरेसंबंध त्याला विचारून ठरत नाहीत.

सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचं उदाहरण यावर चपखल बसतं. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषेच्या अभ्यासकांनी 1971 साली त्या गावाबद्दल लिहिलं. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूचं व्याकरण एकमेकांत इतकं मिसळलं होतं की 'पाला जरा कापून घेऊन आलो' हे वाक्य एकीतून दुसरीत शब्दाला शब्द ठेवून नेता यायचं, फक्त शब्द बदलायचे. तरी भाषा एक झाली नाही, कारण चारचौघांत काहीही बोललं तरी उंबऱ्याच्या आत प्रत्येक जण आपलीच बोलायचा. आणि नाती उंबऱ्याच्या आतच असतात. दर 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, आमच्या बेळगावात रस्त्यावर भाषेचं जे चालतं ते चालतं, पण माव आणि मामा यांचा फरक तिथं कुणाच्या घोषणेत नसतो.

हल्ली अंकल, आंटी आणि कझिननं दोघांचाही कारभार आटोपत आणलाय, ते जाऊ दे.

लग्नानंतर शेजारच्या मुलीची मात्र पंचाईत झाली. जन्मभर ज्याला मामा म्हणाली त्याला आता हाक काय मारायची? त्यांच्यातल्या बायका नवऱ्याला 'री' म्हणतात, तिनंही दोन-चार महिन्यांत सवय केली. आमच्या आजीला काही ते जमलं नाही. परवा तो स्कूटर लावत होता आणि आजी कट्ट्यावरून तिला ओरडून सांगायला गेली, "बाई, तुझे मामा आले बघ!" आणि मग पदर तोंडाला लावून आत गेली.